भुताला हात लावू द्या

सिंगापूरला शरद ऋतू नाही. विषुववृत्तापासून हे बेट दीड अंशाच्या आतच येतं. वर्षभर दिवस बारा तासांचा, रात्र बारा तासांची, आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला तिन्हीसांज फारशी न रेंगाळता एकदम अंधार. पानगळ म्हणावी तर देशी बदामाचं झाड तेवढी हौस भागवतं. त्याची रुंद पानं गळण्याआधी लालभडक होतात, पण तीही ऑक्टोबरची वाट बघत नाहीत. झाडाच्या मनाला येईल तेव्हा, वर्षातून एक-दोनदा. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या नियतकालिकाचं नाव मात्र ‘ऋतुगंध’, आणि त्याचे अंक वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद असे ऋतूंच्या नावाने निघतात. ऋतू नसलेल्या गावी ते निदान कागदावर जपायचे, ही मला फार मराठी गोष्ट वाटते.

अशा या गावात ऑक्टोबर लागला की मॉलमध्ये केशरी भोपळे, काळी वटवाघळं आणि प्लॅस्टिकचे सांगाडे टांगले जातात. आयर्लंड-स्कॉटलंडकडे दिवस आखडू लागले, थंडी पडू लागली की पाळायचा हा सण अमेरिकेला गेला, तिथे सलगम टाकून त्याने भोपळा धरला आणि मग हॅलोवीन या नावाने जगभर हिंडला. सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओमध्ये 2011 पासून त्याच्या भयरात्री भरतात. ते मोठ्यांचं प्रकरण, लहानांनी तिकडे फिरकूही नये. वूडलँड्सच्या वूडग्रोव्ह भागात, अमेरिकन शाळेच्या आसपासच्या बंगल्यांपुढे, 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी चॉकलेटं मागणाऱ्या पोरांची झुंबड उडते. उरलेले आपण एचडीबीच्या सरकारी इमारतींत दहाव्या-बाराव्या मजल्यावर, घरात एक तीन वर्षांचं पोर, आणि त्याने मॉलच्या सरकत्या जिन्याशी पाहिलेला एक सांगाडा.

मुलांना सांभाळायला आलेले आजी-आजोबा या सणाला नाक मुरडतात. ‘आपलं काय आहे त्यात?’ हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे, पण या वयाच्या मुलाच्या कामाचा नाही. सांगाडा आयरिश होता की आपल्या कोकणातला, याने त्या पोराच्या रात्रीच्या झोपेत काही फरक पडत नाही. पोर जे बघून आलं ते त्याच्याबरोबर घरी आलेलं आहे. त्याचं आता काय करायचं, एवढाच मुद्दा.

खरं तर भुतांच्या बाबतीत सिंगापूर गर्भश्रीमंत आहे. चिनी पंचांगाचा सातवा, म्हणजे भुतांचा महिना लागला की इमारतींच्या खाली पत्र्याच्या मोठ्या डब्यांत कागदी नोटांची राख उडू लागते. हिरवळीच्या कडेला उदबत्त्या, संत्री, भात मांडलेला असतो, आणि इथलं मूल चालायला शिकतं तेव्हाच त्या नैवेद्यावर पाय द्यायचा नाही हेही शिकतं. मंडपातल्या ‘गेताई’ गाण्यांच्या कार्यक्रमात पुढची रांग रिकामी ठेवतात, कारण ती भुतांची. 2025 साली तर हा महिना संपला तो 21 सप्टेंबरला, म्हणजे नेमका आपल्या सर्वपित्री अमावास्येच्या दिवशी. त्या संध्याकाळी एखाद्या मराठी घरात खिरीचा वास असेल आणि खिडकीतून खालच्या जळत्या कागदाचा.

मलायी लोकांची पोंतियानाक ही बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत, म्हणजे आपल्या हडळीची सख्खी बहीण. ती केळीच्या झाडात राहते आणि ती आली हे आधी नाकाला कळतं: पांढऱ्या चाफ्याचा घमघमाट सुटतो. तिच्यावरचा पहिला गाजलेला सिनेमा 1957 साली सिंगापूरच्याच कॅथे-केरिस स्टुडिओने काढला. नायिका मारिया मेनाडो आणि दिग्दर्शक बी. एन. राव, म्हणजे आपल्या भारतातून आलेला माणूस. हॉ पार व्हिला हे 1937 सालचं, टायगर बाम वाल्या ऑ बून हॉ यांनी बांधलेलं उद्यान. तिथल्या नरकाच्या दहा दरबारांत पापी माणसांना करवतीने कापताना, उकळत्या तेलात टाकताना दाखवलं आहे. सिंगापूरच्या कितीतरी पिढ्यांना आईबापांनी ‘खोटं बोललास तर असं होतं’ म्हणून तिथे नेलं. चाळिशी-पन्नाशीतली माणसं अजूनही त्या सहलीबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

इथेच माझं म्हणणं सुरू होतं. मोठी माणसं मुलांना भीती दाखवतात. भीतीशी खेळू मात्र देत नाहीत. दोन्हींत फरक कुणाच्या हातात दोर आहे याचा आहे. दाखवलेल्या भीतीत दोर मोठ्यांच्या हातात असतो. ती किती वेळ चालणार, कधी थांबणार, पुढे काय येणार, यातलं काहीच मुलाला ठाऊक नसतं. खेळात मूल हवं तेव्हा हात मागे घेतं.

अडीच-तीन ते सहा या वयात मुलं काल्पनिक गोष्टींना सगळ्यात जास्त घाबरतात. बाबांनी डोळ्यांदेखत मुखवटा चढवला तरी मूल किंचाळतं, कारण मुखवट्यामागे बाबाच आहेत हे त्याच्या डोळ्यांना अजून पक्कं पटलेलं नसतं. पण तोच मुखवटा त्याच्या हातात द्या. ते आधी त्याचं नाक दाबतं, मग दोरी ओढतं, मग चाटून बघतं, मग स्वतः घालून तुम्हाला भेवडवायला येतं. हा प्रवास एका दुपारी होतो आणि तो होतो हातातून. समजावून सांगण्याने होत नाही, ‘अरे, भूत-बित काही नसतं’ म्हणण्याने तर मुळीच नाही.

म्हणून परात. पाश्चात्त्य आया ज्याला ‘सेन्सरी प्ले’ म्हणतात आणि ज्याच्यासाठी दुकानांत महागडी खोकी मिळतात, ते बहुतेक सगळं आपल्या स्वयंपाकघरात पडलेलं असतं. साबुदाणा घ्या. भिजवून, थोडा शिजवून, बीटाच्या पाण्यात रंगवून परातीत ओतला की तो बेडकाची अंडी होतो, भुताचे डोळे होतो, मूल म्हणेल ते होतो. सब्जा पाण्यात टाका. दहा मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत कवच येतं आणि आत काळी बाहुली. त्याहून चांगला डोळा बाजारात मिळणार नाही. शिजवलेल्या शेवया म्हणजे चेटकिणीचे केस. चायना ग्रास, जे इथे अगर-अगर म्हणून प्रत्येक दुकानात मिळतं, त्यात पांदानच्या पानांचा हिरवा रंग घालून वाटीत ओतलं की फ्रीजविना घट्ट होतं. ते पस्तीस-चाळीस अंशांना गोठतं आणि पुन्हा वितळायला पंच्याऐंशी अंशांच्या आसपास तापवावं लागतं, त्यामुळे इथल्या उकाड्यातही दुपारभर टिकतं. जिलेटिन इतकं सोसत नाही, शिवाय ते प्राण्यांचं. आपल्या अनेक घरांना तेही नको असतं.

साबुदाण्यावरून आठवलं. चायनाटाउनमध्ये सेगो लेन नावाची गल्ली आहे, म्हणजे साबुदाण्याची गल्ली. 1840 च्या दशकात तिथे साबुदाण्याचे कारखाने होते आणि सेगो ताडाच्या गाभ्यातून काढलेला तो माल बोटीने युरोपपर्यंत जाई. आज आपण एकादशीला खातो तो तमिळनाडूतल्या सेलमचा, कंदापासून केलेला. दुसऱ्या महायुद्धात या बाजूने होणारी आयात तुटली आणि तिकडचा धंदा उभा राहिला. इकडे सेगो लेनचं पुढे भलतंच झालं. तिथे मरणघरं आली. दाटीवाटीच्या खोल्यांत राहणारे चिनी मजूर म्हातारे झाले, आजारी पडले की शेवटचे दिवस काढायला त्यांना तिथे आणून ठेवत, कारण राहत्या खोलीत मरण आलं तर ते अशुभ आणि शेजाऱ्यांनाही जड. वर मरणारी माणसं, खाली शवपेट्या आणि कागदी घरं विकणारी दुकानं. लोक त्या भागाला मेलेल्यांची गल्ली म्हणत. सरकारने 1961 मध्ये ती घरं बंद केली. परातीत हात घातलेल्या पोराला यातलं काही सांगायचं नसतं. पण ज्याला आपण खेळ म्हणून हातात देतो त्या पांढऱ्या मण्यांनी या शहरात केवढा इतिहास पाहिला आहे, हे देणाऱ्याला ठाऊक असलं तर बिघडत नाही.

माझा सगळ्यात आवडता खेळ मात्र भुताच्या पंजाचा. रबरी हातमोज्यात पाणी भरायचं, त्यात थोडं कोकमाचं आगळ, तोंड घट्ट बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये. सकाळी मोजा कात्रीने कापून काढला की परातीत लालसर बर्फाचा पंजा. तो पहिल्यांदा बघितल्यावर मूल दोन पावलं मागे सरतं, हे हवंच. मग त्याच्या हातात चमचा आणि वाटीभर मीठ द्यायचं. मीठ पडलं की बर्फ तडकतो, बोटं बारीक होतात, मध्ये भोकं पडतात. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो हे शास्त्र मोठ्यांसाठी. मुलासाठी एवढंच की माझ्या मिठाने भूत विरघळलं. आजी घरात असेल तर ती लगेच म्हणते, मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतात ती काय उगाच! या एका खेळात आजी आणि हॅलोवीन यांचा समेट होताना मी पाहिला आहे. एक सावधगिरी इथेच सांगते: मीठ घातलेला बर्फ साध्या बर्फापेक्षा जास्त गार होतो आणि कातडीला चिकटून राहिला तर इजा करतो, तेव्हा मीठ पडल्यावर हात नाही, फक्त चमचा.

दुसरा खेळ कॉर्नफ्लोअरचा. दोन वाट्या पिठाला साधारण एक वाटी पाणी. मूठ आवळली की दगड, मूठ सोडली की बोटांमधून ओघळ. जोराने दाबलं की पिठाचे कण एकमेकांत अडकतात आणि हळू हात घातला की पाण्यावरून घसरतात, एवढंच त्यामागचं रहस्य, पण मोठी माणसंही त्या परातीपाशी अर्धा तास बसतात. शेजारची चार वर्षांची मुलगी त्यात हळदीचा चिखल कालवत होती. तिची आजी साताऱ्याची.

‘आजी, हे भुताचं पोट आहे?’

‘तूच सांग. हाताला कसं लागतंय?’

‘आधी टणक, मग बुळबुळीत.’

‘मग घाबरलीस की काय?’

‘मी नाही. पोटच घाबरलं. मी मारलं की ते टणक होतं.’

बालमानसशास्त्राच्या पुस्तकात हे एवढ्या थोडक्यात सापडायचं नाही.

एक खेळ मला मुळीच आवडत नाही आणि तो सगळीकडे सुचवला जातो. खोक्याला भोक पाडायचं, आत सोललेली द्राक्षं ठेवायची आणि डोळे बांधलेल्या मुलाला ‘भुताचे डोळे ओळख’ म्हणून हात घालायला लावायचा. आठ-नऊ वर्षांच्या पोरांची त्यात धमाल होते, कारण त्यांना ती द्राक्षं आहेत हे आतून माहीत असतं. तीन वर्षांच्या मुलाचे डोळे बांधणं म्हणजे त्याच्या हातातला दोर काढून घेणं. त्याला दिसू दे. द्राक्षं कापताना बघू दे, साबुदाणा रंगवताना बघू दे. ही चेटकिणीची खीर आपणच केली आहे हे ठाऊक असूनही हात घालायच्या क्षणी त्याच्या अंगावर काटा येतोच. माहीत असूनही घाबरायचं आणि घाबरूनही हात घालायचा, हीच तर मजा.

हात न घालणारी मुलंही असतात. काहींना बुळबुळीत स्पर्श मनापासून सोसत नाही आणि तो काही हट्ट नसतो. त्यांना पळी द्या, गाळणी द्या, किंवा तेच सगळं झिपच्या पिशवीत भरून वरून दाबू द्या. ‘बघ, दादा कसा हात घालतोय’ हे वाक्य तेवढं टाळा.

हे सगळं परदेशातून आलं असं ज्यांना वाटतं त्यांनी बोर्डी आणि कोसबाड आठवावं. मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 साली रोममध्ये बालगृह काढलं आणि मूल हाताने शिकतं हे जगाला सांगितलं. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला. मॉन्टेसरीची घोटीव लाकडी साधनं तिथल्या मुलांच्या आवाक्यातली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यांची गरजही नव्हती. ताराबाईंनी पानं, फुलं, बिया, शिंपले, खडे गोळा केले. मुलं शाळेत येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर हेच काम वारली मुलांमध्ये वाढलं. आज हजारो रुपयांची ‘सेन्सरी किट’ मागवणाऱ्या मराठी आईबापांच्या कितीतरी वर्षं आधी आपल्याच एका बाईने शिंपल्यांवर काम भागवलं होतं.

आणि सणाचं म्हणाल तर नरक चतुर्दशीपुढे हॅलोवीन फिका आहे. पहाटेचा अंधार, कोमट तेल, उटण्याचा खरखरीत स्पर्श, नागरमोथा आणि कपूरकाचरीचा वास, मग कारीट. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट फुटतं त्याचा आवाज आणि त्याच्या बियांचा थंड गिळगिळीतपणा ज्याला लहानपणी लागला आहे, तो ते विसरत नाही. वर त्याचा कडू रस जिभेला. राक्षसाला आपण स्वतःच्या पायाने चिरडला, त्याची चवही घेतली. मग गोड पोहे. गोव्यात तर आदल्या रात्री गल्लोगल्ली नरकासुराचे पुतळे उभे राहतात. आठवडाभर पोरं गवत भरतात, कागद चिकटवतात, सुळे रंगवतात, आणि पहाटे तोच राक्षस जाळतात. ज्याला आठ दिवस आपल्या हाताने चिकट खळ लावली, त्याची भीती कुठली वाटायला!

2024 साली सिंगापुरात दीपावलीची सार्वजनिक सुट्टी नेमकी 31 ऑक्टोबरला आली. इथली सुट्टी तमिळ प्रथेप्रमाणे नरक चतुर्दशीची असते, त्यामुळे आपलं अभ्यंगस्नान आणि हॅलोवीन एकाच तारखेला. सकाळी सेरंगून रोडवर झेंडूच्या माळा, संध्याकाळी त्याच मुलाच्या डोक्यावर चेटकिणीची टोपी. फटाक्यांचा आवाज मात्र नाही. त्यांच्यावर इथे 1972 पासून बंदी आहे आणि फुलबाज्यांवर भागवावं लागतं. कारीट मला लिटल इंडियात कधी दिसलं नाही. टेक्का मार्केटमधून छोटं कारलं आणून, मुलाच्या पायाखाली ठेवून बघा. अगदी तसं फुटत नाही, पण कडूपणात कमी नाही.

आता थोडं कडू आपल्यालाही. जे आईबाप हॅलोवीनच्या सांगाड्याने मूल घाबरेल म्हणून काळजीत असतात, तेच जेवताना ‘खा लवकर, नाहीतर बागुलबुवा येईल’ म्हणतात. आणि बागुलबुवा नाही तर पोलीस, डॉक्टर, सुईवाले काका. ही भीती मुलाला हाताने चाचपता येत नाही. तिला नाक नाही, दोरी नाही, ती परातीत मावत नाही, आणि ती घरातल्याच माणसाने त्याच्यावर सोडलेली असते. मॉलमधला प्लॅस्टिकचा सांगाडा या बागुलबुवापुढे अगदी सज्जन म्हणायचा. वर्षातून एकदा येतो, आपल्या जागी लटकतो आणि नोव्हेंबरात खोक्यात जातो. घरातलं एक भूत काढायचंच असेल तर आधी हे जेवणाच्या टेबलावरचं काढा.

खेळाच्या पसाऱ्याचंही बोलायला हवं. सिंगापुरात अनेक घरांत इंडोनेशियाची, फिलिपिन्सची किंवा म्यानमारची मदतनीस राहते आणि मुलाच्या ज्ञानेंद्रियांचा विकास शेवटी तिच्या फडक्याखाली जातो. हा खेळ तिच्या सुट्टीच्या दिवशी, रविवारी करावा असं माझं स्पष्ट मत आहे. खाली जुनी चादर अंथरा, मुलाला फडकं द्या आणि उरलेला साबुदाणा त्यालाच गोळा करू द्या. चिकट दाणे वेचणं हाही खेळच आहे. कॉर्नफ्लोअर मोरीत ओतू नका, ते नळीत खाली बसतं. पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल ते तोंडात जाणार असं धरूनच साहित्य निवडा. पाण्यात फुगणारे ते रंगीत प्लॅस्टिकचे मणी घरात आणूच नका. पोटात गेले की आतड्यात फुगतात आणि ते अडवतात. कोरडे हरभरे, वाटाणे नाकात गेले तर ओलाव्याने फुगतात आणि डॉक्टरकडेच निघतात. कच्चा राजमा विषारी असतो. द्राक्षं उभी चिरा, बबल टीचे काळे मोती लहानांना नकोत. कच्च्या गव्हाच्या पिठापेक्षा भाजलेलं बरं. बोरॅक्स घातलेला स्लाइम शाळकरी मुलांसाठी ठेवा. देशी बदामाची लाल पानं इमारतीखालच्या फुटपाथवरून उचला, राखीव वनांतून आणि राष्ट्रीय उद्यानांतून नको. तिथे झाडपाला नेण्यास मनाई आहे. मूल परातीपाशी असेपर्यंत एक मोठं माणूस तिथे हवं, आणि त्याच्या हातात फोन नको.

आणि खेळ संपला की परात, घमेलं, बादली, जे काय असेल ते उलटं करून ठेवा. बाल्कनीत साचलेल्या पाण्यात एडिस डासाची अंडी आठवड्याभरात डास होऊन उडतात. डेंग्यूच्या तपासणीला राष्ट्रीय पर्यावरण संस्थेची माणसं घरोघरी येतात, आणि अळ्या सापडल्या तर दंड भुताला होत नाही, घरमालकाला होतो.